कोंबडीची पिसं: गावात प्रथिन काढायचं की पऱ्हाटीसोबत कुजवायचं?

दर्यापूरचा कास्तकार
वाळलेल्या पिसात 85 ते 90 टक्के केराटिन नावाचं प्रथिन असतं आणि आपण ते पोत्यात भरून नाल्यात टाकतो. शेतकरी गटानं मिळून त्याचा अमिनो काढा, म्हणजे प्रथिन विरघळवून केलेलं पातळ खत, करावा, असं माझं ठाम मत आहे. 10 किलो धुतलेली, वाळलेली पिसं, 60 लिटर पाणी, दीड किलो कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचं पोटॅश नव्हे). पोटॅश पाण्यात थोडं थोडं टाकायचं. पोटॅशवर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं. जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) चालत नाही, पोटॅश ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. 85 ते 90 अंशांवर तीन-चार तास ढवळा. पिसाचा मधला दांडा सगळ्यात शेवटी विरघळतो, तोवर आच काढू नका. गार करून गाळा, मग फॉस्फरिक आम्लानं सामू (पीएच) 7 च्या आसपास आणा. नत्रासोबत पालाश आणि स्फुरदही संत्र्याला मिळतं.

मोर्शीकर
भाऊ, "धुतलेली, वाळलेली" इथंच गाडी अडते. गावच्या दुकानात कोंबडी सोलतात, पिसं कातडीसकट येतात. कातडीच्या चरबीचा पोटॅशशी साबण होतो, फेस भांड्याबाहेर येतो, गाळणं चोंदतं. आणि हिशेब बघा: 10 किलो पिसांत नत्र फार तर दीड किलो. तेवढं सव्वातीन किलो युरियात मिळतं, म्हणजे 45 किलोच्या 266 रुपये 50 पैशांच्या गोणीतले वीसेक रुपये. पोटॅश, आम्ल, सरपण यांचाच खर्च त्याच्या कितीतरी पट.

दर्यापूरचा कास्तकार
युरियाशी तुलना मला मान्य नाही. पोटॅशचा पालाश वाया जात नाही, तो काढ्यातच राहतो. चरबीचं मात्र खरं आहे. दुकानदाराला कातडी वेगळी ठेवायला लावलं पाहिजे, नाहीतर माझी पद्धत चालणार नाही.

भंडाऱ्याचा मासेवाला
दोघंही खताच्या मागे लागलात. पिसाचं प्रथिन खाद्यात जायला हवं. कच्चं पीस पचत नाही, कारण केराटिनचे धागे गंधकाच्या दुव्यांनी घट्ट बांधलेले असतात. ते दुवे बंद टाकीत 3 बार वाफेच्या दाबानं, साधारण 140 अंशांवर, 30 ते 45 मिनिटं फिरवत शिजवल्यावर सैल होतात. जास्त शिजवलं तर सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) जातं आणि पचनही घसरतं. पोटॅशमध्ये तर सिस्टीनचा नाशच होतो, म्हणून तो काढा खाद्याला कामाचा नाही. अशा शिजवलेल्या पिसांचं पीठ मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या माशांच्या खाद्यात थोड्या प्रमाणात चालतं. कोंबड्यांना त्यांचीच पिसं परत घालू नका, रोगाचं चक्र चालू राहतं.

मोर्शीकर
दाबाची टाकी आणि बॉयलर एका गावाला झेपणार नाही, त्याला तालुक्याची पिसं लागतील. शिवाय पीसपिठात लायसिन आणि मेथिओनिन ही गरजेची अमिनो आम्लं कमी. सोयापेंड इथंच तयार होते, तिच्यात लायसिन जास्त आहे. पिसपिठानं तिची जागा भरत नाही.

वर्ध्याची शेतकरीण
भाऊ, मग गावानं कुजवावं. पिसात नत्र फार, म्हणून 1 किलो वाळल्या पिसांना किमान 10 किलो बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) आणि वर शेणकाला. पऱ्हाटी कमी पडली की डोळ्यात झोंबणारा अमोनियाचा वास येतो, म्हणजे नत्र उडतंय. पिसांचा जाड थर ओला होऊन चटईसारखा चिकटतो, आत हवा जात नाही. हातानं विखरूनच टाका. ढीग 55 अंशांवर गेला पाहिजे. कातडीचे तुकडे ढिगाच्या मधोमध, किमान हातभर खोल, आणि वर पऱ्हाटीचा जाड थर, नाहीतर कुत्री उकरतात.

दर्यापूरचा कास्तकार
ताई, कातडीवाली पिसं ढिगात, हे पटलं. स्वच्छ पिसांसाठी मात्र मी काढ्यावरच ठाम आहे. एकच सांगतो: आम्ल टाकताना सामू 7 च्या फार खाली जाऊ देऊ नका. 4-5 च्या आसपास प्रथिन तळाशी बसतं, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तर 7 कडे येतानाच सुटायला लागतो. हे काम उघड्यावर, वारा पाठीवर घेऊनच.