मदत हवी आहे : बस झाडावर आदळली, दावा नेमका कोणाविरुद्ध करावा?

चार महिन्यांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका राज्यमार्गावर समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना खासगी प्रवासी बस डाव्या बाजूच्या वडावर आदळली आणि खिडकीशी बसलेल्या माझ्या आईचा उजवा खांदा व बरगड्या मोडल्या. पोलिसांनी चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला आहे. मात्र मी जागेवर जाऊन पाहिले, तेव्हा खोडाचा फुगवटा थेट डांबराच्या कडेपर्यंत आलेला होता, गेरू-चुन्याचे पट्टे पार पुसले गेले होते आणि साधारण दहा फुटांवरच्या आडव्या फांदीवर जुन्या घासण्याच्या कितीतरी खुणा होत्या. म्हणजे हे पहिल्यांदा घडलेले नाही. त्यामुळे सगळा दोष एकट्या चालकावर टाकणे मला पटत नाही.

प्रथम खबर, पंचनामा, विमा पॉलिसीची प्रत आणि रुग्णालयाची बिले माझ्याकडे आहेत. माहिती अधिकारात छाटणीच्या नोंदी मागितल्या असता, रस्त्याच्या विभागाने झाड आपल्या हद्दीत नसल्याचे कळवले. ग्रामपंचायत नेमके उलट सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत असल्याने माझ्या हाती जेमतेम दोन महिने आहेत. विमा कंपनीने देऊ केलेली तडजोड आम्ही स्वीकारलेली नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरणातील याच अर्जात रस्त्याच्या विभागाला प्रतिवादी करता येते, की त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस देऊन वेगळा दावाच लावावा लागतो?