शीतगृहाच्या लॉगवर हिरवी खूण येते, पण तिच्यावर विसंबायचं का?

शीतगृह_रत्नागिरी
मासळी गोठवून बाहेर पाठवणारं युनिट. चार खोल्या, दर पाच मिनिटांनी तापमानाची नोंद. अलार्म कोणी बंद केला, उणे १८ ची मर्यादा कोणी बदलली, हेही त्याच लॉगमध्ये जातं. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ६४ अक्षरी ठसा; मजकूर जरा बदलला की तोही बदलतो) असतो. 'पडताळा' बटण दाबलं की हिरवी खूण येते. खरेदीदाराचा ऑडिटर विचारतोय, ही खूण कशाच्या जोरावर? डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड आमच्याकडे आहे आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडेही. नेमकं काय तपासायचं?

खाडीकाठ
पासवर्डवालं वाक्यच उत्तर आहे. हॅश काढायला कुठलंही गुपित लागत नाही. चार खोल्यांच्या दिवसाला ११५२ नोंदी, वर्षाच्या ४,२०,४८०. ज्याला डेटाबेसमध्ये लिहिता येतं तो मार्चमधली एक नोंद बदलून तिथपासून पुढची सगळी साखळी काही सेकंदांत नव्याने बांधतो आणि तुमचं बटण हिरवंच राहतं. किल्ली लावून हॅश काढत असतील (एचमॅक) आणि ती किल्ली त्याच सर्व्हरवर पडून असेल, तर चोराच्या हाती जामदारखाना.

म्हणून शेवटच्या नोंदीचा क्रमांक आणि तिचा हॅश रोज युनिटबाहेर गेला पाहिजे, जिथे तुमचा किंवा सॉफ्टवेअरवाल्यांचा हात पोचत नाही. खरेदीदाराला ईमेल करा, शिवाय आरएफसी ३१६१ (टाइमस्टँपचं इंटरनेट मानक) प्रमाणे बाहेरच्या टाइमस्टँप सेवेची, म्हणजे 'हा हॅश या वेळी होता' अशी, सही घ्या. ओपनएसएसएल या मोफत प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आहे. रजिस्टरमध्येही लावायचा असेल तर पूर्ण ६४ अक्षरं छापून चिकटवा. पहिली १६ पुरतील असं वाटतं, पण ते फक्त ६४ बिट झाले. दोन्ही मजकूर स्वतःच बनवणाऱ्याला पहिली १६ अक्षरं जुळणारी जोडी साधारण २ च्या ३२ व्या घाताइतक्या प्रयत्नांत सापडते. साध्या लॅपटॉपचं काम आहे ते.

आणि नुसतं पाठवून भागत नाही. ऑडिटरने जुना ईमेल उघडून त्यातला क्रमांक आजच्या लॉगमध्ये शोधायचा, हॅश तोच आहे का ते बघायचं. रोज एकदा पाठवलात तर शेवटचे चोवीस तास उघडेच राहतात, हे त्याला आधीच सांगा.

नोंदवही
बटणाचीच परीक्षा घ्या. डेटाबेसच्या प्रतीवर, मूळ प्रतीवर नाही. मधल्या एका नोंदीत एक आकडा बदला. एक नोंद काढून टाका. दोन नोंदींची अदलाबदल करा. हे तिन्ही प्रकार कुठलीही बरी साखळी पकडते. मग शेवटच्या पन्नास नोंदी उडवा. इथे बहुतेक बटणं हिरवी राहतात, कारण उरलेली साखळी आपल्या जागी अखंडच असते. शेवटी एक नोंद बदलून पुढचे सगळे हॅश नव्याने काढा. हे दोन प्रकार फक्त बाहेर ठेवलेल्या हॅशवरूनच कळतात.

पडताळणीचा प्रोग्रॅमही त्यांचा नको, आपला हवा. कोणती फील्ड, कोणत्या क्रमाने, मध्ये कोणतं चिन्ह, एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. पायथनमध्ये पन्नासेक ओळींत होतं. फील्ड नुसती एकापुढे एक जोडत असतील तर तिथेच आक्षेप घ्या, कारण खोली १ आणि कपाट २३, किंवा खोली १२ आणि कपाट ३, दोन्हींचं १२३ होतं.

खोटी बोंबही उठते. एक्सेलमधून फिरवलेल्या फाइलमध्ये उणे १८.० चं उणे १८ होतं आणि हॅश तुटतो. मराठी शेऱ्यांत आणखी एक खोडा आहे: 'दुसऱ्या पाळीत' मधला ऱ एका कीबोर्डवरून एक अक्षर म्हणून येतो (यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट), दुसऱ्यावरून र आणि नुक्ता म्हणून (६ बाइट). दिसायला एकच, हॅश वेगळा. हॅश काढण्याआधी एनएफसी (युनिकोडच्या एकसारख्या) रूपात आणलं की हे दोन जुळतात. पण कोणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असं टाइप केलं असेल तर एनएफसीही ते जुळवत नाही. म्हणून साठवलेले बाइट जसेच्या तसे हॅश करणं उत्तम. एक्सपोर्ट करताना कोणी मध्ये हात घालायचा नाही.

शीतगृह_रत्नागिरी
पावसात लाईट वारंवार जाते. जनरेटर लागेपर्यंत नोंद पडत नाही. ती फट आणि मुद्दाम बंद ठेवलेला लॉगर यांत फरक कसा करायचा?

खाडीकाठ
साखळीवरून नाही कळणार. न लिहिलेल्या नोंदीला हॅश नसतो. लॉगर छोट्या यूपीएसवर ठेवा आणि 'मेन सप्लाय गेला', 'आला' या स्वतंत्र नोंदी घ्या. खोलीला दिवसाला २८८ नोंदी भरल्याच पाहिजेत, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत खोली रिकामी असली तरी. आकडा कमी आला आणि सप्लायची नोंद नाही, तर कारण लेखी मागा. घड्याळ मागे सरकवणं हाही जुना डाव आहे; क्रमांक वाढतोय पण वेळ मागे गेली, अशी जोडी प्रोग्रॅमने दाखवलीच पाहिजे.

नोंदवही
प्रोब (खोलीतलं तापमान मोजणारा सेन्सर) विसरू नका. तो बर्फाच्या पेटीत खुपसून ठेवला तरी साखळी निर्दोषच दिसेल. ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी थर्मासमध्ये घ्या, प्रोब मधोमध धरा, आकडा स्थिरावू द्या, ० अंश दाखवायला हवा. बर्फ गोड्या पाण्याचाच घ्या. जेटीवर मासळीत वापरलेला नको, मीठ लागलेलं असतं, आकडा शून्याखाली जातो. तपासणीची वेळ, प्रोबचा क्रमांक आणि आलेला आकडा त्याच लॉगमध्ये नोंद म्हणून टाका.