पिकअपच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग तीन महिन्यांतच पुन्हा वाजू लागले आहे

प्रश्न (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)
नमस्कार. माझ्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग ऑगस्टमध्ये बदलून घेतले होते. आता कापसाच्या खेपा सुरू झाल्या आणि ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेले की तीच घरघर पुन्हा ऐकू येते. उजवीकडे वळताना ती वाढते, डावीकडे वळताना जवळजवळ थांबते. हबात (चाकाच्या मधल्या गाभ्यात) दोन टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांची, बेअरिंगे आहेत. माल नकली निघाला असावा की बसवण्यात चूक झाली असावी? गाडी फार दिवस उभी ठेवणे मला परवडणारे नाही.

उत्तर १ (वरुड, गॅरेजचे काम)
भाऊ, उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे आवाज डावीकडचाच आहे असे समजायला हरकत नाही. तरीही खात्री करून घ्यावी. गाडी जॅकने उचलून घोडीवर ठेवा आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळते ते सांधे) तपासावी लागेल.

नकली माल बाजारात आहेच, पण त्याला दोष देण्याआधी काढलेले बेअरिंग रॉकेलने धुऊन उजेडात नीट पाहा. रोलर निळसर पडले असतील तर नट जास्त कसला गेला किंवा ग्रीस कमी पडले. रोलरच्या अंतराने गंजाचे पट्टे असतील तर पाणी शिरले. आणि त्याच अंतराने खळगे असतील तर बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवले गेले. पैसे वाचवण्यासाठी हबातला जुना कप (रोलर ज्यावर फिरतात ते बाहेरचे कडे) तसाच ठेवून फक्त रोलरचा भाग बदलण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते, कारण झिजलेल्या कपावर नवे रोलर कधीच नीट बसत नाहीत.

बसवताना चाक फिरवत फिरवत नट कसावा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे पुन्हा लावावा आणि स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी) नवीनच घालावी. जोर लावून कसलेला नट बेअरिंग जाळतो. जुने ग्रीस पूर्ण पुसून काढा. दोन जातींची ग्रीसे मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात.

उत्तर २ (वणी, ट्रकचालक)
पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढता का? चालून तापलेला हब पाण्यात गेला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या कड्यातून) पाणी आत ओढले जाते. त्यामुळे सील प्रत्येक वेळी नवीनच हवे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आज हब उघडला. ग्रीस दुधाच्या चहासारखे झाले होते, म्हणजे पाणी शिरलेच होते, सीलची कड कडक होऊन तडकली होती, आणि कपही जुनाच होता. गावाकडच्या नाल्यातून ऑगस्ट-सप्टेंबरात माझी रोजची ये-जा होती. दोन्ही बेअरिंगे कपांसह आणि सील नवीन आणले आहे. उजव्या बाजूचा हबही आताच उघडून पाहणार आहे.