[अवांतर] नागपूर: बेसमेंटमधली ऑल-व्हील डस्टर बाहेर कशी काढायची?

वैभव, गुरुवार, पहाटे १:१०

मंडळी, मंडळाच्या मेल यादीवर हे अवांतर आहे, संज्योतताई रागवू नका. मी नागपुरात, इथे दिवस आहे. तिकडे तुमच्याकडे रात्र आहे हे माहीत आहे, पण मिलिंदकाका जागे असतीलच.

बाबांची डस्टर (अनघा पेंचला घेऊन गेली होती तीच, ऑल-व्हील, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी) पावसाळाभर त्रिमूर्ती नगरच्या बेसमेंटमध्ये उभी. बॅटरी बसली होती, ती जंप करून झाली. आता क्लचचं पेडल खाली गेलं ते वर यायला तयार नाही. वर्कशॉप हिंगणा रोडला. हुकाच्या क्रेनवाला दारात उभा राहून म्हणतो, "भाऊ, समोरचे चाकं उचलतो, तुम्ही न्यूट्रल टाका, अर्ध्या घंट्यात पोहोचवून देतो. रोजच करून राहिलो ना."

फ्लॅटबेडवालाही (अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक) यायला तयार आहे, पण त्याची गाडी रॅम्पवरून खाली उतरणार नाही, तेवढी उंचीच नाही. इकडे सोसायटीचे सेक्रेटरी रॅम्प मोकळा करा म्हणून येरझाऱ्या घालत आहेत. हुकवाल्याला हो म्हणू का?

मिलिंद, १:२२

नको.

पुढची उचलली की मागची चाकं रस्त्यावर फिरणार, त्यांच्यासोबत मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) फिरणार. पुढचं सगळं मात्र जागेवर थांबलेलं. या दोघांच्या मधे तुझ्या गाडीत मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक क्लच आहे, चकत्यांचा. एक बाजू फिरतेय, दुसरी स्थिर, म्हणजे चकत्या हिंगणा रोडपर्यंत एकमेकींवर घासत जाणार. त्या क्लचला चिखलात दोन-चार सेकंद घसरायची सवय असते, सलग काही किलोमीटर नाही. आतलं तेल तापतं, चकत्या जळतात, आणि बिल पेडलच्या क्लचच्या प्लेटपेक्षा कितीतरी पट येतं. मागची उचलून पुढची फिरवली तरी गोष्ट तीच, फक्त उलटी.

फ्लॅटबेडच. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात "ऑल-व्हील आहे, फ्लॅटबेड पाठवा" असं सांग. नाहीतर परत हुकच येईल.

प्रसाद, १:३१

काका, थोडी अतिशयोक्ती होतेय. डॅशवर नॉब आहे, २डब्ल्यूडी (फक्त पुढच्या दोन चाकांना ओढ), ऑटो, लॉक. २डब्ल्यूडीवर टाकला की मागचा संबंधच तुटला. आमच्या जीप क्लबातले लोक रँगलर मोटरहोमच्या मागे चारही चाकांवर हजार हजार मैल ओढत नेतात, कोणाचं काही जळलेलं नाही.

मिलिंद, १:४०

प्रसादराव, त्या जीपच्या ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) स्वतःचा न्यूट्रल आहे. तो टाकला की चाकं आणि गिअरबॉक्स यांचं नातंच संपतं. डस्टरला तशी ट्रान्सफर केस नाही. २डब्ल्यूडीवर मधला क्लच आवळणारा चुंबक बंद होतो, क्लच ढिला पडतो, पण चकत्या एकाच तेलात एकमेकींना चिकटून असतात, ओढ राहतेच. आणि जीपवाले चारही चाकं जमिनीवर ठेवतात, दोन नाही. हा फरक तुमच्याच वाक्यात आहे.

अनघा, १:४४

वैभव, आधी एक सांग, यंदा बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं का? २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा शंकर नगरकडे मावशीच्या बिल्डिंगचं बेसमेंट भरलं होतं. दुसऱ्या दिवशी लोकांनी काय केलं? चाव्या फिरवल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी नुसती धुऊन-वाळवून चालली असती तिचं इंजिन उघडावं लागलं. तुम्ही जंप करून मोकळे झालात म्हणून विचारते.

हुकवाल्याला शिव्या देऊ नका. मावशीची सेडान त्यानेच (किंवा त्याच्यासारख्याने) पुढून उचलून नेली होती, आणि ते बरोबरच होतं, कारण त्या सेडानला ओढ पुढच्या चाकांना. त्याच्या रोजच्या गाड्या तशाच असतात.

संज्योत, १:५२

ही यादी मंडळाच्या कामांसाठी आहे. फराळाच्या ऑर्डरीचा मेल आत्ताच या गाड्यांच्या खाली गेला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कशासाठी केलाय?

प्रसाद, १:५५

संज्योतताई, गणपतीच्या वेळी माइक कोणी आणायचा यावर याच यादीवर किती मेल झाले ते मी काढत नाही.

वैभव, शेजारी कोणाची बोलेरो असेल तर दोरी लावून चारही चाकांवर ने. काकांच्याच हिशेबाने चालेल.

मिलिंद, २:०३

माझ्या हिशेबाने नाही. रॅम्पवरून बाहेर काढण्यापुरतं ठीक आहे. चारही चाकं सारख्याच वेगाने फिरली तर मधल्या क्लचला करायला काम नाही. पण भर रहदारीत दोरीवर नेणं? इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं. स्टिअरिंगही जड. दोरी पाच मीटरपेक्षा लांब नको असा नियम आहे. तेवढ्या अंतरात बोलेरोवाल्याने अचानक ब्रेक मारला तर काय करणार?

वैभव, फ्लॅटबेडला वर रस्त्यावर रॅम्पच्या सरळ रेषेत उभा कर आणि त्याच्या विंचची (केबल गुंडाळून ओढणारं यंत्र) केबल खाली सोड. टोइंगचा हुक जॅकच्या सामानात असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पूर्ण आत फिरव, काही गाड्यांत आटे उलटे असतात. चावी लावून एक टप्पा फिरवून ठेव, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. गाडीच्या मागे एकही माणूस नको, सेक्रेटरीसुद्धा नको. मागच्या चाकाशी लाकडी ठोकळा घेऊन एक जण बाजूने चालू दे.

वैभव, २:४१

अनघा, पाणी नव्हतं, फक्त ओल.

काका, नवीनच भानगड. विंच ओढायला लागला आणि मागचं डावं चाक फिरेचना. रॅम्पच्या सिमेंटवर टायरचा काळा पट्टा उमटला, करकर आवाज. लगेच थांबवलं. हँडब्रेक खाली आहे.

मिलिंद, २:४६

हँडब्रेक ओढूनच पावसाळाभर उभी होती ना? ओलीने ब्रेकचे शू चाकाच्या ड्रमला चिकटले आहेत. ओढत राहू नका, आता एक मागचं चाक बंद, दुसरं मोकळं, पुढच्या-मागच्यांचा वेग जुळत नाही आणि मधल्या भागांवर ताण येतोय. केबल ताणलेली ठेवून कोणी खाली वाकू नका. गाडी सपाटीवर परत घ्या, बाकीच्या चाकांना ठोकळे, मग ते चाक काढा. ड्रमच्या कडेवर लाकूड ठेवून हातोड्याने चहूबाजूंनी ठोका. चाकाच्या स्टडवर (नट बसतात ते बोल्ट) मारू नका. हाताने फिरवून पाहा, परत ठोका. नाहीच सुटलं तर फ्लॅटबेडवाल्याकडे चाकाखाली ठेवायची ट्रॉली किंवा स्केट मागा. तीही नसेल तर उद्या न्या. आज नाही नेली म्हणून काही बिघडत नाही.

प्रसाद, २:५०

आमच्याकडची इलेक्ट्रिक हँडब्रेकवाली गाडी असती तर अजून वाट लागली असती. बॅटरी मेली की ब्रेक सुटतच नाही, टोइंगच्या आधी जंप करावी लागते. माझ्यासोबत विमानतळाच्या पार्किंगमध्ये झालंय, बर्फात.

अनघा, २:५३

प्रसाद, नागपूरच्या बेसमेंटमध्ये बर्फ नाही. 🙂

वैभव, ३:३८

सुटलं! पाचव्या-सहाव्या घावाला "टक्" असा आवाज झाला आणि ड्रममधून गंजाची लाल भुकटी फरशीवर सांडली. हातोडा आमच्याकडे नव्हता. हुकवाला गेला नव्हता, त्याचाच हातोडा, आणि ठोकलाही त्यानेच. येण्याचे पाचशे दिले, घेत नव्हता. आता गाडी फ्लॅटबेडवर आहे. त्याच्याकडचा मुलगा पट्टा प्रोपेलर शाफ्टला (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) बांधत होता, मी थांबवलं.

मिलिंद, ३:४४

बरोबर केलंस. पट्टे चाकांवरून, चारही. शाफ्टला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला ताण दिला तर वळणावर तेच वाकतं.

वर्कशॉपमध्ये क्लचसाठी गिअरबॉक्स उतरणारच आहे, तर शाफ्टही सुटेल. त्याच वेळी मागच्या डिफरन्शियलचं तेल काढून बघायला सांग. जळका वास किंवा काळपट रंग असेल तर मला फोटो पाठव. आणि टायर चारही एकसारखे आहेत ना? ऑल-व्हीलला दोन नवे, दोन झिजलेले चालत नाही. घेर वेगळा असला की तोच क्लच रोज थोडा थोडा घसरतो, न ओढताही.

वैभव, ३:४९

पुढचे दोन बाबांनी मार्चमध्ये नवे टाकलेत.

मिलिंद, ३:५०

मागच्यांची नक्षी किती उरली आहे ते मोजून कळव. मिलिमीटरमध्ये, डोळ्यांनी नाही.