मदत हवी आहे: जावात कंट्रोल-सी आणि थ्रेड डंप, दोन्ही कसं जमवायचं?

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारा आमचा जावा प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो. मीटरशी बोलणारी सी लायब्ररी लोड झाली की सिगइंटचा (कंट्रोल-सीने प्रोग्रॅमला जाणाऱ्या सिग्नलचा) हँडलर, म्हणजे तो आल्यावर चालणारा कोड, स्वतःकडे घेते. मग कंट्रोल-सी दाबलं की पोर्ट बंद होतो, पण शटडाउन हुक (बंद होताना जावाने चालवायचा आमचा कोड) चालत नाही आणि बफरमधल्या नोंदी बुडतात. भट्टीच्या नोंदी गेल्या की त्या हीटचा (एका वेळच्या वितळणीचा) हिशेबच लागत नाही!

लिबजेसिग (जावाचे आणि इतरांचे सिग्नल हँडलर साखळीत जोडणारी जावाची लायब्ररी) प्रीलोड केलं तर उलटं: हुक चालतो, पोर्ट अडकतो. सिगइंट, सिगटर्म, सिगहप, सिगक्विट या 4 सिग्नलना साखळी लागत नाही, -एक्सआरएस (जावाला हे सिग्नल हाताळू न देणारा पर्याय) वापरा, असं जावाच्या दस्तऐवजात आहे. पण त्याने किल -3 (सिगक्विट पाठवणारी आज्ञा) दिलं की थ्रेड डंप (कुठला थ्रेड काय करतोय याची यादी) न येता प्रोग्रॅमच मरतो. रात्रपाळीत कुठला थ्रेड कुठल्या लॉकवर अडकलाय हे तर मला डंपमधूनच कळतं.

सध्याचा विचार: -एक्सआरएस ठेवायचं, लायब्ररीच्या हँडलरने पाइपमध्ये फक्त एक बाइट लिहायचा, तो वाचून जावा थ्रेडने सिस्टिम.एक्झिट करायचं. हँडलरमधून थेट जावा बोलावणं मला धोक्याचं वाटतं. हे कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? आणि -एक्सआरएस असताना जेस्टॅकने (थ्रेड डंप काढायच्या जावाच्या साधनाने) डंप मिळतो का?