डिकीतला दिवा, वायर न ओढता

दुचाकीच्या बॅटरीवरून वायर ओढून टॉप बॉक्समध्ये, म्हणजे सीटमागे बसवतात त्या काढता येणाऱ्या डिकीत, दिवा बसवावा, असा एक सल्ला वाचला. बॉक्स रोज काढून घरात नेणाऱ्याला ते त्रासाचं आहे, दर खेपेला कनेक्टर सोडवा नि जोडा. मी फोंडा-पणजी रोज ये-जा करतो. पावसाळ्यात रेनकोट शोधताना मोबाइल अक्षरशः दातांत धरायचो.

कपाटात चिकटवतात तो, तीन ट्रिपल-ए सेलवर चालणारा एलईडी दिवा मला पुरला. घेताना सेन्सर मात्र नीट बघा. माझा पहिला अंधारात हालचाल झाली की पेटणारा होता. बंद बॉक्समध्ये कायम अंधार, त्यात खड्ड्यांत सामान हललं की तो पेटायचा. आठवड्यात सेल संपले! आताच्या दिव्यात रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा छोटा स्विच आहे आणि झाकणाला चुंबकाचा तुकडा. झाकण उघडलं, चुंबक लांब गेलं, की दिवा लागतो.

बॉक्स प्लास्टिकचा, त्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून दिवा वेल्क्रोने लावलाय. आधी जागा स्पिरिटने पुसा, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात गोंद सुटतो. त्याच उन्हामुळे आत लिथियमचा चार्जिंगवाला दिवा ठेवायला माझा ठाम विरोध आहे, साधे सेलच बरे.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सेलच्या टोकांना व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवावं. खाऱ्या हवेने माझ्या दिव्याची स्प्रिंग एका पावसाळ्यात हिरवी पडली होती. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा.