सिलिकॉन ॲनोडवरचं कोटिंग: मुलामा, कल्हई का लेप?

सांगलीहून: डिप्लोमाच्या पोरांसाठी लिथियम-आयन बॅटरीचा धडा मराठीत लिहायलोय. सिलिकॉन, कथील असल्या ॲनोडच्या (बॅटरी वापरताना ऋण टोकाला असतो त्या भागाच्या) कणांवर कार्बनचा नायतर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) पातळ पापुद्रा चढवतात, त्याला मी 'संरक्षक मुलामा' लिहिलं, पण पटंना झालंय. काय म्हणावं?

मिरजेहून: सर, मुलामा नकोच. मुलामा म्हटलं की आत पितळ नि वर सोनं, नुसता देखावा, आणि हितं तर सगळा भार त्या पापुद्र्यावर हाय. नेहमीच्या ॲनोडातलं ग्रॅफाइट ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं, सिलिकॉन ३६०० च्या आसपास, पण लिथियम घेताना सिलिकॉनचा कण फुगून जवळजवळ चौपट होतो, सोडताना परत आकसतो, मग तडे जातात, तिथं इलेक्ट्रोलाइट (ज्यातनं लिथियम इकडून तिकडं जातं तो बॅटरीतला द्रव) लागून त्याचं विघटन होतं, नवा थर बसतो, त्यात लिथियम अडकून पडतं आणि दर चार्जिंगला हेच, म्हणून बॅटरीची साठवण लवकर घटत जाते.

कराडहून: मग कल्हई म्हणा की ओ. पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून करतात तीच, हेतू तोच.

मिरजेहून: हेतू मान्य ताई, पण कल्हईतनं काही आरपार जायचं नसतं. हितं इलेक्ट्रोलाइट अडवायचा पण लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) आत सोडायचे, वर कण फुगला की तुटायचं पण नाही. आणि कल्हई कथलाची, कथील तर स्वतःच ॲनोड! सोनीनं २००५ ला कथील-कोबाल्ट-कार्बनचा ॲनोड घातलेली बॅटरी आणलेली, पोरं हमखास गोंधळणार. माझं मत लेप. 'थर' एसईआयसाठी, म्हणजे इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातनं ॲनोडवर बसतो त्यासाठी, राखून ठेवा, १९७९ ला शास्त्रज्ञ पेलेड यांनी नाव दिलं तो, कारण तो आपोआप बसतो, लेप आपण मुद्दाम लावतो.

साताऱ्याहून: लेपच बरोबर. पण सर, ॲनोडला धनाग्र लिहू नका, विद्युत अपघटनात ते चालतं, बॅटरी वापरताना ॲनोड ऋण टोकाला असतो, तेव्हा ॲनोडच ठेवा. आणि नुसतं 'मिश्रधातूचा ॲनोड' पण नको, सिलिकॉन आधी एकटंच असतं, चार्जिंगला लिथियमशी मिळून मिश्रधातू होतो, म्हणून 'मिश्रधातू बनवणारा ॲनोड', जरा लांबतंय पण खरं हाय.

सांगलीहून: लय आभार. आणि कारखान्यात तांब्याच्या फॉइलवर ॲनोडच्या कणांची पेस्ट पसरतात, त्याला पण कोटिंगच म्हणतात की, त्याचं काय?

मिरजेहून: ते कोटिंगच राहू द्या, पोरं कामाला लागल्यावर तेच ऐकणार. लेप फक्त कणावरचा, आणि लिहिताना दर वेळी 'कणावरचा लेप' असंच लिहा.